रोडग्याच्या जागेचा हक्क

मी, कस्तुराबाई पुंजाजी इढोळे, वय ७६, राहणार मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम, माझ्या पश्चात वाद राहू नये म्हणून हे लिहून ठेवते. मी सांगते आहे आणि निवृत्त गुरुजी दौलतराव लिहून घेत आहेत. गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे, डोकं ठिकाणावर आहे आणि कोणाचा दबाव नाही.

१. राहते घर मुलगा हरीओम व सून मंजुषा यांना मिळून द्यावे. दोघांची नावे लागली पाहिजेत, एकट्या हरीओमचे नाही.

२. माझ्या नावचे तीन एकर शेत. त्यातले दोन एकर (कलम चारची जागा वगळून) हरीओमला, एक एकर मुलगी साधना हिला. साधना म्हणते, "आई, मले नको, भाऊ नाराज होईल." झाला तर होऊ दे.

३. रोडग्याचे पीठ मळायची मोठी पितळी परात साधनाला. मंजुषाने रोडगे ओव्हनमध्ये करून पाहिले होते. ते चांगले झाले होते. तेव्हा मी नाक मुरडले, आज इथे कबूल करते. तरी चंपाषष्ठीचा रोडगा गोवऱ्यांच्या आरातच भाजावा. पोळ्या तेल लावून एकावर एक ठेवाव्या, त्यांचा गोळा मोठ्या पोळीत बंद करावा, आणि आर पांढरा पडल्याशिवाय आत घालू नये. घाई केली की वरून करपतो, आत कच्चा राहतो.

४. शेताच्या कोपऱ्यात पळसाखाली जिथे आपण दरवर्षी रोडगे भाजतो, त्या जागेबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

पूर्वी रोडगे फक्त घरच्यांपुरते होत. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. गहू नव्हता, रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, होता. त्याचे पीठ जुळून येत नाही. माझ्या सासूबाई भागिरथाबाईंनी ते उकळत्या पाण्यात मळले, पळसाच्या पानांत गुंडाळून भाजले आणि कामावरच्या प्रत्येकाला अर्धा अर्धा दिला. तेव्हापासून आपल्या आरावरून कोणी उपाशी जात नाही. सासूबाई तेव्हा विधवा होत्या. नैवेद्यही त्यांनीच दाखवला होता.

त्या गेल्यावर मोठी सून म्हणून मान माझ्याकडे आला. पण लोक म्हणत, "रोडगा खावा तर हौसाच्या हातचा." हौसाबाई माझी धाकटी जाऊ. तिचा रोडगा कधी उकलत नसे, माझा उकले. मला ते लागायचे.

शहाण्णव साली दीर बापूराव काविळीने गेले. हौसा चौतीस वर्षांची होती. त्या चंपाषष्ठीला तिने परातीला हात लावला, आणि मी चारचौघांत म्हटले, "हौसा, तू नैवेद्याले हात नको लावू." तिने हाताचे पीठ पदराला पुसले आणि निघून गेली. पुढे सत्तावीस वर्षे ती त्या पळसाखाली आली नाही. मी रीत म्हणून बोलले नव्हते. जळून बोलले होते. सासूबाई मला तेव्हा आठवल्या नाहीत, की आठवूनही मी गप्प राहिले, ते देव जाणे.

२०२१ च्या श्रावणात आमचे मालक गेले. त्या वर्षी चंपाषष्ठीला भावकीतली एक बाई मला म्हणाली, "वहिनी, तुमी बाजूले बसा. मंजुषा करील." मी उठले आणि सरळ हौसाच्या दारात गेले. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"आता काहून आली? तुयं कुंकू गेलं म्हून?"

मी म्हटले, "हो. म्हूनच आली."

तिने मला बस म्हटले नाही. त्या वर्षी ती आली नाही, पुढच्याही नाही. तिसऱ्या वर्षी आर पडल्यावर आली, परात ओढली आणि म्हणाली, "पीठ सैल मळलं तुमी." मी मंजुषाला पाणी आणायला पाठवले, कारण मला रडू येत होते.

म्हणून ती जागा व पळसाचे झाड मी हौसाबाईच्या नावे करते.

५. कलम चार बदलले आहे. दौलतराव गुरुजींनी मजकूर आम्हाला वाचून दाखवला. हौसा शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "मले जागा नको. मले साक्षीदार करा."

गुरुजी म्हणाले, "ज्याले मिळते त्यानं साक्ष करू नये, हौसाबाई. पुढं भानगड होते."

"म्हून तं म्हणतो, जागा खोडा. सत्तावीस वर्स लोकायले वाटे का मीच रुसली. आता लेखी आलं, तं त्याच्याखाली मायी सही पाह्यजे."

मी तिला समजावून पाहिले. ती ऐकेना. म्हणून जागा आता मंजुषाच्या नावे, एका अटीवर: सवाष्ण असो, विधवा असो, परातीला हात लावणाऱ्या बाईला कोणी बाजूला बसवायचे नाही. ही अट हौसाने सांगितली, मी मान्य केली.

वरील मजकूर मी ऐकला. तो माझाच आहे.

मुक्काम मेडशी, दि. ९ डिसेंबर २०२५

कस्तुराबाई पुंजाजी इढोळे (सही)

आमच्यासमक्ष सही झाली, साक्षीदार:

दौलतराव जगदेव गोटे, निवृत्त शिक्षक (सही)

हौसाबाई बापूराव इढोळे (सही. अंगठ्यासाठी शाई पुढे केली असता नको म्हणाल्या. कलम चार पुन्हा एकदा वाचून घेतले, "खरं हाये" म्हणाल्या, आणि पूर्ण नाव स्वतःच्या हाताने लिहिले.)