चौथ्या जागेवरचा तीन

प्रिय नझीहा,

सकाळपासून हे पाचवं पत्र. आधीची चार फाडली. दोन ओळी झाल्या की उठतो, खिडकीपाशी जातो, परत येऊन बसतो. बायको वैतागून म्हणाली, "अहो, लिहायचं तर लिहा, नाहीतर बाजारातून मासे तरी आणा!" एकोणतीस वर्षं जे लिहिलं नाही ते असं एका बैठकीत उतरत नाही, हे तिला कसं सांगू? तू गाबेसला सुखात असशील, असं मी धरून चाललो. विचारलं मात्र कधी नाही.

ते सतरा एक आठवतात? एकापुढे एक, सतरा वेळा. स्फॅक्सच्या शाळेत आपण दोघं नवे शिक्षक, आणि सी मंसूर आपले तपासनीस. ही मूळ संख्या नाही, तिला भाग जातो, एवढंच त्यांनी सांगितलं. कशाने जातो ते पुस्तक न उघडता शोधायचं. जो भाजक आणील त्याची ट्यूनिसला पुढच्या शिक्षणासाठी शिफारस. मी दोन महिन्यांत कंटाळलो. तू मात्र आधी सिद्ध केलंस की असा मूळ भाजक चौतिसाने भागला तर बाकी एकच उरायला हवी, आणि मग तेवढेच आकडे घेऊन दोन वर्षं भागत बसलीस. तुझे वडील तेलाच्या घाण्यावर सगळ्यांदेखत म्हणायचे, "पोरीला एकाचं वेड लागलंय. सी मंसूर स्वतः म्हणाले तर जाऊ दे ट्यूनिसला, नाहीतर लग्न!"

आणि तुला सापडला. २०७१७२३. पडताळणी माझ्याकडे आली. सी मंसूरचा नियम तुला माहीत आहे, शोधणाऱ्याने बाहेर बसायचं आणि पडताळणाऱ्याने बंद खोलीत एकट्याने गुणायचं. मी तुझा भाजक आणि भागाकार माझ्या कागदावर उतरवून घेतले, सवयीने नऊचा ताळा पाहिला, जमला, आणि गुणायला लागलो. उजवीकडून एक, एक, एक आले. चौथ्या जागी तीन. बाहेर येऊन मी सांगितलं, चूक आहे. कोणीतरी हसलं, "बाई, हा तीन कुठून पैदा केलात?" तू एवढंच म्हणालीस, "लुत्फी, माझा कागद पुन्हा वाच." मी म्हटलं, ताळा जमलाय, वाचायचं काय त्यात? सी मंसूरनी घड्याळ पाहिलं. माझे गुण बरे होते, म्हणून शिफारस मला मिळाली.

आता जे सांगायचं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझा कागद वाचला. मी २०१७७२३ उतरवलं होतं. सात आणि एक उलटे. आकड्यांनी जागा बदलली तरी बेरीज तीच राहते, नऊच्या ताळ्याला पत्ता लागत नाही, हे मी दरवर्षी मुलांना शिकवत होतो! पुन्हा गुणलं. सतराच्या सतरा एक आले. सी मंसूर दुपारच्या गाडीने जाणार होते आणि स्टेशन माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. मी कॉफी केली आणि गाडी सुटेपर्यंत घरात बसून राहिलो. महिन्याभरात तुझं लग्न ठरल्याचं कानावर आलं. मी ट्यूनिसला आलो, प्राध्यापक झालो. लोक मला काटेकोर म्हणतात. मला लाज वाटते नझीहा, रोज वाटते.

गेल्या सोमवारी समितीने माझ्याकडे पडताळणीला एक प्रबंध पाठवला. पंचाण्णव अंकी संख्येची फोड. उमेदवार सुंदुस, गाव गाबेस, आईचं नाव नझीहा. मी तो तपासणार नाही. का, ते गुरुवारी समितीपुढे, तुझी मुलगी समोर बसलेली असताना सांगणार आहे. मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो. तिला ते माझ्या तोंडून कळण्याआधी तुझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आजच सांग तिला. तपासनीस म्हणून माझं नाव तिनेच मागितलंय. अर्जात लिहिलंय, आई म्हणते, लुत्फीच्या हातून एकदा चूक झाली, पण ती त्याला कळली असती तर तो गप्प बसणारा माणूस नव्हे.

तुझाच म्हणायला हात धजत नाही,
लुत्फी