फड्या निवडुंगाची बोंडं आणि वेराक्रूझचा मुलगा

आदरणीय होविताताईस,

धाकट्या एलेउतेरिओचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? इकडे काबोर्कात ऊन रग्गड, पावसाचा पत्ता नाही आणि आमच्या अम्पारोने थेट वेराक्रूझचा मुलगा पसंत केलाय. नाव फाबियान. बेकरीत पाव भाजतो. (पाव बरा असतो, खोटं कशाला बोलू?) तिकडे धो धो पाऊस, त्यामुळे निवडुंगाशी याची ओळख कुंडीपुरतीच. परवा माझ्या अंगणातल्या उंच सावारो निवडुंगाला (आपल्या आजोबांच्याही आधीपासून उभा आहे बिचारा) हा बादल्याच्या बादल्या पाणी घालत होता. "अरे, मुळं कुजून आडवा होईल तो!" म्हणून ओरडलो, तर म्हणतो, "काका, तहानलेला वाटला हो!"

मग रविवारी मला खूश करायला साहेब फड्या निवडुंगाची बोंडं तोडायला गेले. भर दुपारी, वाऱ्यात, नुसत्या हातांनी! आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा पहाटे वारा पडलेला असताना जातं, चिमट्याने तोडतं आणि झाडूने कुसळं झाडल्याशिवाय बोंड घरात आणत नाही. याने ती सदऱ्याच्या ओच्यात भरली. मोठे काटे चुकवले म्हणून स्वारी खुशीत, डोळ्यांना न दिसणारी कुसळं त्याच्या गावीही नाहीत. आला, बोंडं परातीत ओतली आणि मला कडकडून मिठी मारली. ताई, मी उघडाच होतो.

सगळी दुपार आम्ही दोघे पोटाला गोंद फासून, तो वाळला की कुसळांसकट सोलत ओसरीवर बसलो. अम्पारो दारात उभी राहून पदर तोंडाशी धरावा तसा टॉवेल धरून हसत होती. "काका, फार दुखतंय का?" हा मला विचारतो! स्वतःचे ओठ सुजलेले. (एक बोंड वाटेत खाल्लं होतं.) असला जावई आपल्या घरात कसा चालायचा, तूच सांग.

तुझा,
एलेउतेरिओ

ता. क. बोंडं गोड निघाली.

आणखी एक. गोंद वाळेपर्यंत त्याने सांगितलं, आईबाप लहानपणीच गेले, मागणी घालायला सोबत आणावं असं वडीलधारं कुणी नाही, म्हणून इतके दिवस तोंड उघडलं नाही. मला गलबलून आलं गं. तर तू ये, आणि मुलाकडची म्हणून ये. त्याच्या बाजूला बसून माझ्याकडे माझ्या पोरीचा हात माग. मी रीतीप्रमाणे आधी नाही म्हणेन, तोंड वाकडं करेन. तू मात्र खुर्चीवरून उठू नकोस.