डोळे नसलेल्या कोळ्याचं नाव

मेघालय, शुक्रवार

प्रिय आबा,

तुम्हाला अन् आईला जयभीम. मी बरी आहे. पाय सुजला होता, तो उतरलाय. ताडकळसला कापूस वेचणी सुरू झाली का? आईचे गुडघे लय दुखायलेत का?

आमचं काम झालं. गुहेतला तो पांढरा, डोळे नसलेला कोळी नव्या प्रजातीचा निघाला. माद्या आधीच सापडल्या होत्या, पण नर तपासल्याशिवाय ते ठरत नव्हतं. नर सापडला मागच्या महिन्यात, सतरा तारखेला.

त्याच दिवशी आमचा वाटाड्या किटबोक गेला. फोनवर मला हे बोलवलं नाही. बाहेर पाऊस झाला अन् गुहेत एकदम पाणी चढलं. त्यानं मला खांद्यावर उचलून वरच्या कपारीत चढवलं अन् स्वतः वाहून गेला. तिसऱ्या दिवशी खाली नदीत सापडला.

सर म्हणाले, कोळ्याला त्याचंच नाव देऊ. मी विचारायला त्याच्या घरी गेले. त्याची बायको म्हणाली, "त्या किड्यापायी तो गेला. त्याला माझ्या माणसाचं नाव देऊ नका." मग आम्ही गुहेचं नाव दिलं.

आबा, पुढचं आईला वाचून दाखवू नका. पाणी चढायच्या आधी किटबोकनं मला दोनदा हाक मारली होती, "मॅडम, चला." नर समोर दिसत होता, म्हणून मी किटबोकला थांब म्हणाले. हे सरांना सांगितलं नाही, त्याच्या बायकोलाही नाही. तिनं मला चहा करून दिला अन् मी तो पिऊन आले.

तुमची लेक,
सुकेशनी