पाचव्या थांब्याची वाळू

३ जून
किनाऱ्याच्या रस्त्यावरचे पाच थांबे ठरले. पाहुण्यांनी गाडी थांबवायची, समुद्र बघायचा, फोटो काढायचे. पाचवा थांबा आमच्याच गावाचा – लाव्ह्याच्या दोन काळ्या जिभांमधली पांढरी वाळू. पर्यटन कार्यालयातले सोइली साहेब म्हणाले, “गाव तुझं, फलकाचा मजकूर तूच लिही. खाली ठळक घाल – वाळू नेण्यास मनाई.”
रात्री आईला वाचून दाखवला. आमच्या घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिलीच. आमच्या बेटावर सरकारी फलक फ्रेंचमध्येच असतात, आणि तिला फ्रेंच कळत नाही. नारळ खवता खवता ऐकत होती. “छान आहे. जेव आता.”

५ जून
फलकाची जागा मोजायला गेले. वाळू केवढी गेली आहे! माडांची मुळं उघडी पडलीत. बायका डोक्यावर घमेली घेऊन वर येत होत्या. ऊन लागू नये म्हणून तोंडाला चंदनाचा जाड लेप, सगळ्या सारख्याच दिसतात. मी नीट सांगितलं, मावशी, इथून नेऊ नका, मनाई आहे.
एक म्हणाली, “अगं साहेबीण, तुझ्या घराची भिंत काय वाऱ्याने बांधली?” सगळ्या हसल्या. शेवटची तेवढी हसली नाही. तोंड फिरवून गेली, डावा पाय ओढत.
आई डावा पाय ओढते.

६ जून
विचारलं नाही.

८ जून
आज विचारलं. घरामागचा वाळूचा ढीग मामाने ट्रकने आणवला, असंच मी आजवर समजत होते.
“ट्रक? मामाने तुझ्या शाळेची फी भरली, तेच पुष्कळ झालं. तू रांगत होतीस तेव्हापासून आणतेय मी.”
“पण समुद्र आत येईल, आई.”
“येईल तेव्हा येईल. त्याआधी तुझा नवरा येणार आहे. आपल्यात तो बायकोच्या घरी राहायला येतो. घरच नसेल तर कुठे बसवशील, माडाखाली?”
माझ्या लग्नासाठी बांधायला घेतलेल्या घराची एक खोली उभी आहे. दुसरी खिडकीपर्यंत. वर नुसत्या लोखंडी सळ्या. त्या भिंतीला हात लावला तर बारीक शिंपले टोचतात. इतकी वर्षं मला ते दिसले कसे नाहीत?

१० जून
साहेब वैतागले आहेत. “किनाराच उरला नाही तर थांबा कसला? आणि मग तुझं इथे काम काय? पोलीस पाठवतो. बायका ओळखशील ना?”
मी म्हटलं, तोंडाला लेप असतो. हे खोटं नाही. तरी डबा तसाच परत आणला.

११ जून
आईला म्हटलं, थोडे दिवस जाऊ नकोस, पोलीस येणार आहेत. तिचं चाललंच होतं – ऑगस्टात लग्नाला नवऱ्याकडची माणसं फ्रान्सहून येतील, त्यांना खिडकीपर्यंतच्या भिंती दाखवायच्या का? “नोकरी गेली तर दुसरी मिळेल. घर नसलं तर तुला कोण विचारतंय?”
गेलीच. मी मागोमाग गेले, तिला परत आणायला म्हणून. खाली एकटीच होती. भरलेलं घमेलं डोक्यावर चढवायला दुसरं कुणीतरी लागतं. ती नुसती बघत राहिली माझ्याकडे.
मी हात लावला.

१२ जून
झोप नाही.

१७ जून
फलक आला. साहेब आले, पोलीसही आला. खड्डे खणून झाले, सिमेंटची पोती उतरली, आणि लक्षात आलं – वाळू आणायची राहिली. गवंडी साहेबांकडे बघू लागला. साहेबांनी खाली किनाऱ्याकडे बघितलं. “थोडीशीच तर लागेल. कुणी बाई आणून देईल का?”
रस्त्यावरून आई चालली होती. पोलिसानेच हाक मारली.
चार घमेली आणली तिने. “बाजूला हो पोरी,” मला म्हणाली, “साहेबांचं काम आहे.”
संध्याकाळपर्यंत मी तिथेच उभी होते. मुलं आली की सांगत होते – ओलं आहे, हात लावू नका.