नकटीचं बारसं

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे सध्या नमस्काराला तयार नाहीत, तेवढे वजा करून उरलेल्या अंगांचा स्वीकारावा.) तुमचा खोकला हटला का, दादाचं ऐकायचं यंत्र आता कानात असतं की अजून चष्म्याच्या डबीतच, हे कळवा. माझी तब्येत उत्तम आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या इमारतीत त्याबद्दल दुमत आहे.

झालं असं की ही गेल्यापासून स्वयंपाकघराचा कारभार माझ्याकडे आला. तिची सुरी तुम्हाला आठवत असेल, होडीच्या तळासारखी पोट सुटलेली. तशी सुरी झुलवायची असते. हिच्या हातात ती अशी डोलायची की बघणाऱ्याला वाटावं, भाजी आपणहून चिरली जाते आहे. माझ्या हातात ती डोलत नाही, नुसती अडून बसते. त्यामुळे मी चिरलेली काकडी वरून चिरलेली आणि खालून अखंड असते. एक चकती उचलली की मागून सगळं कुटुंब येतं. काही महिने मी ते तसंच खाल्लं. (बघायला कोणी नसलं की माणूस काय काय खातो, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

शेवटी बाजारातल्या सुरीवाल्याकडे गेलो. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढंच, पण काचेच्या कपाटात नाना तऱ्हेची पाती. त्यात एक होती, वहिनी, जिची धार मुळापासून शेवटपर्यंत सरळ. पट्टी लावून आखल्यासारखी. वरची पाठही सरळ येते आणि अगदी शेवटी गोल वाकून धारेला भेटते, पुढे टोक म्हणून काही उरतच नाही. मी जन्मभर नकाशे आखले. सरळ रेषेचं मला काय वाटतं, ते बाकदार माणसांना सांगून कळायचं नाही. (दादाने यात स्वतःला धरू नये.) फळीवर ठेवली की ती सुरी सगळीच्या सगळी टेकते, कुठे अधांतरी म्हणून राहत नाही. मी तिथेच एक घेवडा मागून घेऊन चिरून बघितला. सुरीवाल्याकडे घेवडा होता, म्हणजे असं वेड लागणारा मी पहिला नव्हतो.

नाव विचारलं तर म्हणाला, हिला मेंढीपाय म्हणतात, मेंढीच्या खुरासारखी दिसते म्हणून. शेजारी तिची थोरली बहीण होती, धार तशीच सरळ, पण पाठ मुठीपासूनच उतरत उतरत टोकाला येते. तिला म्हणे कोणा परदेशी सरदाराचं नाव आहे. तिसरी चौकोनी, जपानी, तिच्या नावाचा अर्थ नुसता भाजीकापणी. मला तिन्ही पटेनात. मेंढीचा पाय ऐकून माझी भूक मेली, सरदाराने जन्मात घेवडा चिरला असेल असं वाटेना, आणि भाजीकापणी हे काही नाव नव्हे, हुद्दा झाला. मी ‘सरळमार्गी’ सुचवलं. सुरीवाला म्हणाला, त्या नावाची वस्तू बाजारात खपत नाही. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी दुकानात जाऊ लागलो, नाव सुचवायला. पाठवाकी, उतरणी, सपाटी. तो पाती पुसत ऐकायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा. एकदा म्हणाला, “सुरी घेऊन गेलात ना? आता रोज कशाला येता?” त्याने सहज विचारलं होतं. पण मग मी जायचं बंद केलं.

आता नावाचा एवढा अट्टाहास का, ते तुम्हीच समजू शकाल. आमच्या घरात वस्तूंना नावं ठेवायचं काम हिचं. करकरणारी खुर्ची म्हणजे मामंजी, मिक्सर म्हणजे कीर्तनकार, आणि दार न लागणारं कपाट म्हणजे मी. (माझं तोंड मिटत नाही असा तिचा दावा होता.) ती गेल्यावर घरात एक किटली आली, एक पंखा आला, आणि दोघं अजून किटली आणि पंखाच आहेत. त्यांच्याशी बोलताना सुरुवात कशी करावी ते कळत नाही. तेव्हा ठरवलं, निदान या सुरीचं तरी आपण करू. पण मला सुचतात ती नावं नसतात, वर्णनं असतात.

मग एका दुपारी स्वयंपाकघरात बसलो होतो. धार खरंच सरळ आहे का हे बघायचं तर ती फळीवर उभी धरायची, डोळा फळीच्या पातळीला आणायचा आणि खालून उजेड येतो का ते पाहायचं. म्हणून मी गाल फळीवर टेकवला, सुरी नाकासमोर उभी धरली आणि एक डोळा मिटला. खिडकी उघडी होती. मी सुरीला म्हणालो, “आता एकदाचं ठरवून टाकू. उगाच लांबवण्यात अर्थ नाही.” समोरच्या खिडकीत नर्सबाई कपडे वाळत घालत होत्या. (हिच्या आजारपणात इंजेक्शनं द्यायला यायच्या त्याच.) त्यांनी एवढंच पाहिलं आणि एवढंच ऐकलं.

त्यांच्याकडे चिरंजीवांचा नंबर हिने देऊन ठेवलेला होता. चिरंजीवांनी मला फोन लावला. मी उचलला नाही, कारण उजेड मुठीपाशी किंचित येतो आहे असा संशय होता. मग दारावर थापा. उघडतो तो नर्सबाई, त्यांच्या मागे वॉचमन, त्याच्या मागे खालच्या मजल्यावरचा टेलर, आणि त्याच्या मागे टेलरचं गिऱ्हाईक, एकाच बाहीचा कोट घातलेलं. सुरी माझ्या हातातच. चौघांचे डोळे तिच्यावर. मला वाटलं, सगळे भाजी चिरलेली बघायला आलेत.

“काका,” नर्सबाई अगदी हळू म्हणाल्या, “ती नकटी आधी इकडे द्या. मग बोलू.”

मी म्हटलं, “काय म्हणालात?”

“नकटी. हिला नाक आहे का कुठे?”

वहिनी, मी महिनाभर ज्यासाठी डोकं फोडलं, ते त्या बाईने उंबऱ्यावर उभ्या उभ्या केलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं ऐकलं होतं, बारशालाही येतात हे नव्हतं माहीत. मला हसू फुटलं, आणि हसता हसता ते भलतीकडेच वळलं, मग मामंजींवर बसावं लागलं. वॉचमनने पाणी आणलं. एका बाहीच्या गृहस्थांनी पंखा लावला. चहा टेलरने केला, वाईट केला, पण घरात इतके कप एकदम लागायची बऱ्याच दिवसांत वेळ आली नव्हती. मी सगळ्यांना उजेडाचा प्रकार समजावून सांगितला. टेलरला पटला. नर्सबाईंना पटला नाही. जाताना त्या नकटीसकट घरातलं धारेचं सगळं घेऊन गेल्या, हिची बाकदार सुरीसुद्धा.

आता रोज ड्युटीला जाण्याआधी त्या नकटी घेऊन येतात, मी भाजी चिरेपर्यंत स्टुलावर बसतात आणि सुरी धुऊन परत नेतात. फारसं बोलत नाहीत. मी घेवडा हल्ली फार बारीक चिरतो.

दादाला वाचून दाखवा, यंत्र लावून.

तुमचा एकुलता एक दीर

ता. क. सुरीवाल्याला जाऊन नाव सांगितलं. पहिल्यांदाच त्याने मान हलवली नाही. म्हणाला, या बसा.

ता. क. दुसरा (दादाला वाचून दाखवू नये). चिरंजीव हल्ली रोज फोन करतात. आधी महिन्यातून एकदा, तोही बिलं भरली का विचारायला; आता “बाबा, जेवलात का?” असं विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. ते तुम्हालाही विचारणार, काका-काकूंना काय वाटतं म्हणून. तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही. ‘बरा आहे’ एवढं मात्र म्हणू नका. ‘तसा बरा आहे’ म्हणा, आणि ‘तसा’वर जरा थांबा.