चारही दारे, पूर्ण काळजीने

झाशी,
१५ सप्टेंबर १९९७

ती. दिवाकरदादा यांच्या चरणी धाकटा मावसभाऊ जनार्दन याचा साष्टांग नमस्कार.

आम्ही येथे खुशाल असून आपल्या गुडघ्याने एव्हाना पुण्याच्या जिन्यांशी जुळवून घेतले असेल, अशी आशा करतो. आपल्या मातोश्री, म्हणजे आमची चंद्रभागामावशी, दसऱ्याला झाशीस येणार आणि स्टेशनपासून घरापर्यंत आपल्या वडिलांच्या, म्हणजे कै. अनंतकाकांच्याच, ॲम्बॅसडरमधून येणार, हे वाचल्या दिवसापासून मी गाडीच्या अंतर्भागाचे काम हाती घेतले आहे. इंजिन उत्तम आहे. प्रश्न दारांच्या आतल्या पॅनेलांचा होता. मावशीच्या शालूचा काठ कानपूरला नेऊन काकांनी रंग जुळवून आणलेले ते डाळिंबी रेक्झिन छत्तीस वर्षांत कडांना विटले होते आणि हात टेकण्याच्या जागी तर चक्क गुलाबी पडले होते. दार उघडताच मावशीला ते पूर्वीसारखे दिसावे, एवढाच माझा हेतू.

अशा कामात लोक घाई करतात, म्हणून पद्धत थोडक्यात सांगतो. (हे वाक्य ऐकून शारदा स्वयंपाकघरातून हसली, तिकडे लक्ष देऊ नये.) प्रथम काच खाली-वर करण्याची मूठ काढावी, मग पॅनेलच्या कडेखाली बोथट पाते सरकवून एकेक क्लिप अलगद सोडवावी. ओढू नये. मागचा पुठ्ठा जुना असतो, तो क्लिपेसकट फाटून हातात येतो (डावे मागचे दार पाहावे, मी सुरुवात तेथून केली होती). प्रत्येक क्लिपेला क्रमांक देऊन ती वेगळ्या खणात ठेवावी. त्यासाठी घरातील सर्वांत शास्त्रशुद्ध भांडे म्हणजे मिसळणाचा डबा. क्रमांक सातची क्लिप मंगळवारच्या आमटीत सापडली, परंतु सापडली हे महत्त्वाचे. त्यानंतर पॅनेले साबणाच्या कोमट पाण्याने पुसून सावलीत वाळवावी, कारण केसांच्या तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. छत्तीस वर्षांचे तेल निघून खालून डाळिंबी रंग डोकावला, तेव्हा मला जो आनंद झाला तो तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवताना झाला नव्हता.

रंगाचे काम सदर बाजारातील सीटकव्हरवाल्या मधु भैयाकडे दिले. शुद्ध हिंदीत अकरा सूचना लिहून दिल्या आणि त्याच्यासमोर उभे राहून वाचूनही दाखवल्या. निघताना सहज, आपुलकीने, एक वाक्य तोंडी जोडले, "भैया, ज़रा काळजी से करना." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मास्साब, जरा कि पूरो?" कारागीर इतका विचार करून प्रश्न विचारतो याचे मला मोठे कौतुक वाटले. मी म्हणालो, "पूरा, भैया. एक कोना नहीं छूटना चाहिए."

चौथ्या दिवशी पाहायला गेलो. एकही कोपरा सुटलेला नव्हता. चारही पॅनेले काळी कुळकुळीत होती.

मी विचारता मधु भैया अतिशय शांतपणे म्हणाला, "आपई ने तो कई ती मास्साब, काला, जी, से करना. कागद में मूल रंग लिखो हतो, पर हमने आपके मों की मानी. और पूछ सोई लई ती, कि जरा कि पूरो." थोडक्यात, कागदावर मूळ रंग असला तरी त्याने माझ्या तोंडचा शब्द मानला, आणि विचारूनही घेतले होते.

दादा, आपली घराणी दोनशे वर्षे या शहरात आहेत. हिंदी बोलताना आपल्या तोंडून एखादा मराठी शब्द निसटतो आणि इथल्या कानांना ळ हा ल ऐकू येतो, हे निदान मला तरी ठाऊक असायला हवे होते. तथापि तांत्रिकदृष्ट्या काम निर्दोष आहे. रंग नखाने निघत नाही, रॉकेलने निघत नाही, पेट्रोलनेही निघत नाही (तिन्ही प्रयोग दोनदा केले). तसले डाळिंबी रेक्झिन आता कानपुरातही मिळत नाही, अशी तेथून आलेली तीन उत्तरे माझ्यापाशी आहेत. एकूण, गाडी दसऱ्याला सज्ज असेल.

मावशीस साष्टांग नमस्कार, वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
जनार्दन

ता. क. मावशीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन २९ तारखेस ठरल्याचे आपण लिहिले आहे. मी डॉक्टर नव्हे. तरीही शास्त्रीय दृष्टीने सर्व बाजूंचा विचार करता ते दसऱ्यानंतर करणे अधिक हितावह ठरेल. तसेच झाशीला अंधार पडल्यावर पोचणाऱ्या गाडीचे आरक्षण मिळाले तर अवश्य पाहावे.

ता. ता. क. (हे मी, शारदा, लिहिते आहे.) भाऊजी, ऑपरेशन ठरल्या दिवशीच करा. परवा आपण बँकेत होतात तेव्हा मी मावशींना फोनवर सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चारही दारं?" मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, "अगं, हे गाडी चालवायचे तेव्हा मी डोळे घट्ट मिटून बसायचे. दारं कुठे पाहिलीत मी? या खेपेला पाहीन. जनूला म्हणावं, सावकाश चालव, आणि घर येईपर्यंत मला काही समजावून सांगू नकोस."