धक्क्यावरून परत आलेला

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तुझ्या त्या आवडत्या रडक्या कादंबरीने वाचनालयात उच्छाद मांडला आहे. तिच्यावरचा सिनेमा उशिरा का होईना आपल्याकडे लागला आणि आमच्या चारही प्रती बाहेर गेल्या. परत येतात त्या पानं फुगून. म्हणून टेबलावर अभिप्रायाची वही ठेवली, तर तीच आता पुस्तकापेक्षा जास्त वाचली जाते. गणिताच्या बाईंनी लिहिलंय की समुद्रावर गेलेल्या माणसासाठी बारा वर्षं धक्क्यावर उभी राहणारी बाई हुशार असूच शकत नाही. पेन्शनीतल्या पोस्टमनांचं म्हणणं, पुस्तकात तो येत नाही हेच खरं. सिनेमावाल्यांनी त्याला बोटीतून उतरवून सगळी माती केली. त्यावर औषधाच्या दुकानातली मुलगी लिहिते की पुस्तक वाचून दोन दिवस जेवले नाही, सिनेमा बघून दोनदा जेवले.

तुला टोचायला लिहीत नाही गं. पण तुझ्या खलाशाला जाऊन आठ वर्षं झाली आणि गेली तीन वर्षं एक ओळ नाही. तुझ्या शेजारचा घड्याळजी अजून मला पत्रातून तुझ्या लग्नाचं विचारतोय, तो काही जन्मभर थांबणार नाही. रागावलीस तरी चालेल, पण पत्राला उशीर करू नकोस.

तुझी,
ताई

दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ताई, तो आला.

सोमवारी दुपारी मी कॉलरला कच्चे टाके घालत होते. मशीनवर सावली पडली. वर न बघताच मी विचारलं, काय शिवायचंय. तो म्हणाला की फक्त एक बटण. केस विरळ झालेत, गाल बसलेत, आवाज जाड झालाय. कुठल्याशा लांबच्या बंदरात तीन वर्षं आजारी होता म्हणे. पिशवीत माझी सगळी पत्रं, दोरीने बांधलेली.

आणि त्याला सगळं आठवतं! मलाच आठवत नाही. जत्रेत आकाशपाळणा वर अडकला, मी घाबरले, तेव्हा त्याने आपला पिवळा मफलर माझ्या गळ्यात गुंडाळला, असं तो सांगत होता. मी हो हो म्हणत राहिले. आठ वर्षांत माझाच मेंदू गंजला की काय! घड्याळजींना तूच काय ते गोड शब्दांत कळव. तुझ्या मायेवरच हे काम सोपवते आहे.

तुझी,
धाकटी

दि. २५ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं आणि वही उघडली. औषधाच्या दुकानातल्या मुलीने पिवळ्या मफलरबद्दल अर्धं पान लिहून ठेवलंय. पुस्तक चाळलं, त्यात पाळणाच नाही. मग काल दुपारच्या खेळाला गेले. पोस्टमन शेजारी नाक ओढत बसले होते. धाकटे, पाळणा वर अडकतो, ती घाबरते, तो मफलर गुंडाळतो. सगळं तस्संच.

तू लहानपणापासून स्टुलावरसुद्धा चढत नाहीस. आकाशपाळण्यात कधी बसलीस? त्याला स्पष्ट विचार. तोवर कसल्याही कागदावर सही करू नकोस. जिवाला घोर लागलाय, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
ताई

दि. ८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

विचारलं. तो खाली सांडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करत होता. हातातलं तसंच ठेवून खुर्चीवर बसला आणि सगळं सांगितलं.

तापातून उठला तेव्हा त्याला स्वतःचं नावही माहीत नव्हतं. इस्पितळात रविवारी दुपारी भिंतीवर चादर ताणून सिनेमा दाखवत. तोच सिनेमा, पुन्हा पुन्हा. रिकाम्या डोक्यात काहीतरी भरायला हवं होतं, ते भरलं. माझी पत्रं उशीखाली सापडली. नर्स म्हणाली, तुझीच असणार. पण शेजारच्या खाटेवरचा खलाशी त्याच आठवड्यात वारला होता आणि उशा धुवायला जाताना अदलाबदल होत असे. एवढं सांगून त्याने मला विचारलं की मीच का तो? तू सांगशील तो मी होईन, असंही म्हणाला.

ताई, एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. तो समुद्रावर जायच्या आधी माझ्या तापलेल्या इस्त्रीवर एकदा त्याचं मनगट टेकलं होतं. चांगला तिकोनी डाग पडला होता, हाडापर्यंत भाजलेला. ते फक्त आम्हा दोघांना माहीत. परवा आला त्या पहिल्याच दिवशी बटण लावून घेताना याची बाही वर सरकली. मनगट कोऱ्या कापडासारखं होतं.

मी त्याला हो म्हटलं. तूच तो, म्हटलं.

अठ्ठावीस तारखेला लग्नाची नोंदणी आहे. तू ये. काही बोलू नकोस, नुसती ये. आजवर माझं इतकं ऐकलंस, एवढं अजून ऐक.

तुझी,
धाकटी

दि. २ एप्रिल

चि. सौ. धाकटीस, अ. उ. आ.

सुखरूप पोचले. मी त्याला उघडं पाडायच्या तयारीने आले होते. तुझं तोंड बघितलं आणि गिळलं. पण बसथांब्यावर जे झालं ते लपवून मला जगता येणार नाही.

आठ वर्षांपूर्वी, निघायच्या आधी, तुझा खलाशी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आला होता. मी त्याला म्हटलं की रिकाम्या हातांनी माझ्या बहिणीचा संसार मांडू नकोस, समुद्रावर जा; आणि काही जमलं नाही तर तिला पत्र लिहिणं बंद कर, ती विसरेल. बोटीच्या कंपनीचा पत्ता मीच चिठ्ठीवर लिहून दिला. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. माफ कर.

परवा माझी बॅग उचलून तुझा नवरा थांब्यावर आला. बस दिसेना. तो माझ्या हातांकडे बघत होता. मग सहज म्हणाला की त्या दिवशी तुम्ही फाटका नकाशा चिकटवत होतात, बोटाला खळ होती, म्हणून चिठ्ठी माझ्या अंगठ्याला चिकटून आली.

खरंच तसं झालं होतं. हे तुझ्या पत्रात नाही, कुठल्या सिनेमात नाही. विचारलं, हे कोणी सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्याने? नाही म्हणाला. तुमचे हात बघून आत्ता आठवलं म्हणाला. मी भर रस्त्यात त्याचं मनगट धरून बाही वर सारली. त्याने डॉक्टरपुढे धरावा तसा हात शांतपणे पुढे धरला. एक ओरखडासुद्धा नव्हता.

बस आली. मी पायरीवर चढले तेव्हा तो म्हणाला की ताई, मी तुम्हाला केव्हाच माफ केलं.

धाकटे, दिवसभर प्रवासात मी हेच घोकत आले. मला माफी मिळाली, हे खरं. ती कोणी दिली, ते मला कळत नाही. तुला कळलं तरी मला लिहू नकोस. तुझ्याकडून मात्र माफीची दोन अक्षरं येऊ देत.

तुझी,
ताई